वरवंट्याला घातलेली कुंची

“म्हणजे मी खोटं दाखवलं, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

श्रीरंग उभ्यानंच बोलत होता. चपला तेवढ्या दाराबाहेर काढल्या होत्या. नमस्कार करायचा राहिला होता, की केलाच नव्हता, कोण जाणे.

गोदाक्का सभामंडपाच्या कडेला पुरण वाटत बसल्या होत्या. पाट्यावरचा त्यांचा हात थांबला नाही.

“मी अजून काहीच म्हटलं नाही रे. बस आधी. पाणी घे.”

“बसायला वेळ नाही मला, अक्का. चार वाजता सिनेमाची शेवटची प्रत जायची आहे. पुण्यात माझा संपादक फोनची वाट बघत बसलाय. पुढच्या शुक्रवारी अकरा थिएटरांत लागतोय सिनेमा. आणि आई इथं तुमच्या मठात येऊन बसली आहे. आज नववा दिवस. निरोप काय पाठवते? ‘तो प्रसंग काढ, नाहीतर मी त्या घरात पाऊल टाकणार नाही.’”

“तिनंच पाठवला.”

“शब्द तिचे नाहीत. तुमचे आहेत.”

अक्कांनी पुरणाचा गोळा वरवंट्याखाली ओढून घेतला.

“माझे असते तर इतके थोडे नसते,” त्या म्हणाल्या.

वाती वळता वळता आम्ही बायका हसलो. तो हसला नाही.

वारणेच्या काठचा हा दत्ताचा मठ लहानसा. गोदाक्का आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. गुरूंच्या मागं पस्तीस वर्षं त्याच तो सांभाळतात. श्रीरंगची आई, आमची शरयूताई, याच गावची माहेरवाशीण. मे महिन्याच्या सुट्टीत श्रीरंग आजोळी यायचा. याच फरशीवर बसून त्यानं अक्कांकडून स्तोत्रं पाठ केली, अकराव्या वर्षी अनुग्रह घेतला. याच्यासारखं पाठांतर कुणाचं नाही, असं अक्का सगळ्यांना सांगायच्या.

आता तो अडतीसचा आहे. स्वतःच्या हिमतीवर सिनेमे काढतो. नाचगाण्याचे नव्हेत. घरातल्या माणसांचे. अबोल्याचे, विस्कटलेल्या नात्यांचे, मनाच्या दुखण्याचे. या नव्या सिनेमाचं नाव ‘पाटा’. तो त्याच्या आईचा सिनेमा आहे.

नऊ दिवसांपूर्वी एका मोठ्या महोत्सवात तो दाखवला, त्याला पहिला मान मिळाला. शरयूताई दुसऱ्या रांगेत बसली होती. वरवंट्याचा प्रसंग आला आणि शेजारची अनोळखी बाई हळहळली, “अगं बाई… ठार वेडी झाली होती गं बिचारी.”

शरयूताई उठली. अंधारात लोकांचे पाय तुडवत बाहेर पडली आणि मिळेल त्या एसटीनं इथं आली.

“मला एक सांगा,” श्रीरंग म्हणाला. “आईला आजार होता की नव्हता?”

“होता.”

“दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. खरं की खोटं?”

“खरं.”

“बाबा आणि ती सहा-सहा महिने एकमेकांशी बोलायचे नाहीत. मधे मी. ‘तिला सांग, आमटीत मीठ नाही.’ ‘त्यांना सांग, मीठ ताटात वाढलंय.’ दहा वर्षांचा होतो मी, अक्का! एका हाताच्या अंतरावर बसलेली दोन माणसं, आणि मी निरोप्या! हे खरं की नाही?”

“खरं आहे.”

“आणि सगळ्या नातेवाइकांनी काय केलं? झाकलं! डॉक्टरकडे न्यावं तर गल्लीत बोभाटा होईल, म्हणून एका भगताकडे नेलं. केस धरून धुरी दिली तिला. मी दाराशी उभा होतो. पाहुणे आले की तिला माडीवर पाठवायचे आणि सांगायचे, तिला ताप आहे. बावीस वर्षं त्या बाईला ताप होता!”

त्याचा आवाज चढला तसा देवापुढच्या घंटेवरचा पारवा उडाला.

“आमच्या सिनेमातली आई म्हणजे तुळशीपुढचा दिवा. पिंजारलेल्या केसांची आई दाखवायची नाही. ताट फेकणारी आई दाखवायची नाही. का? तर घरच्या गोष्टी! अहो, घरच्या गोष्टी, घरच्या गोष्टी करूनच तर तिला आजारी पाडली सगळ्यांनी!”

वाती वळणारे हात थांबले होते.

तो बोलत होता त्यात खोटं काही सापडत नव्हतं. आमच्यातल्या दोघींनी तर माना खाली घातल्या. माडी काय एकट्या त्याच्याच घरात होती?

“रागाव,” अक्का म्हणाल्या. “यावर रागवायलाच हवं. मीही रागावले होते. तुझ्या आजोबांना आणि मामाला याच उंबऱ्याशी उभं करून बोलले होते. पोरीला भगताकडे नेलीत, पुन्हा या मठाची पायरी चढू नका, म्हणाले होते. उशीर झाला होता मला कळायला… पण बोलले.”

श्रीरंगला हे ठाऊक नसावं. तो क्षणभर अडखळला. पण आलेला राग असा मध्येच कुठं ठेवायचा?

“मग आता इथं काय चाललंय? अंगारा लावताय? गोळ्या बंद केल्या असतील तिच्या. शुक्रवार धर, सोमवार धर, सगळं बरं होईल म्हणाला असाल…”

अक्कांचा हात पहिल्यांदा थांबला.

त्या उठल्या. मागच्या कोनाड्यातून एक स्टीलचा डबा काढला आणि त्याच्या पायांपुढं ठेवला. ठेवला कसला, आपटलाच.

“उघड.”

त्यानं उघडला. आत गोळ्यांची पाकिटं होती. प्रत्येकावर अक्कांच्या मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहिलं होतं… सकाळी जेवून. रात्री जेवून. सगळ्यात वर डॉक्टरांच्या पुढच्या तारखेची चिठ्ठी.

“आज सकाळची घेतली आहे की नाही, बघ. आणि बघून झालं की मग माझ्याशी पुन्हा अंगाऱ्याचं बोल.”

त्यानं पाकिटं पुन्हा नीट लावली. डबा बंद केला. बसला मात्र. आल्या आल्या त्याला बस म्हटलं होतं, तो आत्ता बसला. भिंतीशी, नेमका जिवतीच्या कागदाखाली.

श्रावणातला शुक्रवार होता. लेकरांना उदंड आयुष्य मिळावं म्हणून आयांनी जिवती पुजायची. भिंतीवर जिवतीचा कागद लावलेला, त्याला आघाड्याची आणि दूर्वांची माळ. खाली त्याचं डोकं.

अक्का पुन्हा पाट्यापाशी गेल्या.

“तुझा सिनेमा मी पाहिलेला नाही. तो प्रसंग काय आहे, ते तुझ्या तोंडून ऐकू दे.”

“फोनवर आहे. दाखवतो.”

“डोळ्यात मोतीबिंदू आहे. कान चांगले आहेत. सांग.”

त्यानं सुस्कारा टाकला. मग सांगू लागला. आणि सांगताना त्याचा चेहरा बदलला. आपण घडवलेल्या खुर्चीवरून सुतार हात फिरवतो तेव्हा त्याचं तोंड बघावं, तसं.

“स्वयंपाकघर. दुपार. सगळा प्रसंग एकसंध आहे. सात मिनिटं कॅमेरा जागचा हलत नाही. आई पाट मांडते. भोवती रांगोळी काढते. मग वरवंटा आणते. धुते. बाळाला धुवावं तसा, हातावर पालथा घेऊन. पंच्यानं टिपते. आणि मग… माझी लहानपणची कुंची घालते त्याला. खाली नाडी बांधते.”

“कुंची कसली?”

“लाल. जरीच्या काठाची. ट्रंकेत होती. सिनेमात तीच वापरली, खरीखुरी.”

“पुढं?”

“पुरणाच्या दिव्यांनी ओवाळते त्याला.”

“किती दिवे?”

“पाच,” तो लगेच म्हणाला. “एकही तपशील मी पदरचा घातलेला नाही, अक्का. मी पाहिलंय ते. दाराच्या फटीतून पाहिलंय. मग ती मुठीत अक्षता घेते आणि त्या दगडाला गोष्ट सांगायला लागते. हळू आवाजात. मधे मधे थांबते. जणू तो हूं म्हणतोय… थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. माणसं रडत होती.”

“वार कुठला होता?”

“वार? शुक्रवार असेल. शुक्रवारी कॉलेज लवकर सुटायचं, अकरावीला होतो मी. श्रावणच होता बहुतेक. तिचं काहीतरी सोवळंओवळं चाललं होतं.”

“अचूक आहे सगळं.”

“तेच तर सांगतोय मी!”

“हं…” अक्का म्हणाल्या. “लहानपणीही असंच. एक अक्षर चुकायचं नाही तुझं. अर्थ विचारला की नदीवर पळून जायचास.”

कुणीतरी खुदकन हसलं. त्याला ते झोंबलं.

“अर्थ मला चांगला कळतो. म्हणून तर ती सात मिनिटं काढली तर सिनेमा उरत नाही. नावच ‘पाटा’ आहे! तिनं ताट फेकल्याचं काढ म्हणावं. दवाखान्यातलं काढ म्हणावं. मी समजू शकतो. पण ते राहू दे म्हणते. बाबांनी मारलेलं राहू दे म्हणते. काढायचं ते हेच एक! का?”

“विचारलंस तिला?”

“ती बोलत नाही माझ्याशी.”

“त्याआधी? सिनेमा करताना?”

त्यानं फोनवर वेळ पाहिली.

“ती नटी चार महिने तुमच्या घरी येऊन बसत होती म्हणे. बघायला, शिकायला. तिला समजावून सांगितलंस सगळं. आईला एकदा विचारलंस, की बाई, त्या दुपारी तू काय करत होतीस?”

“अक्का, आजारी माणसाला त्याच्या आजाराचा अर्थ कसा विचारायचा?” तो तडकला. “तिला काय सांगता येणार आहे?”



काही वाक्यं अशी असतात, की ती बोलणाऱ्याला ऐकूच येत नाहीत. बाकीच्यांना मात्र येतात. माझ्या शेजारच्या बाईच्या हातातली वात तुटली. तिनं ती तशीच मुठीत आवळून धरली.

अक्कांना उत्तर देता आलं असतं. दिलं नाही. पुरण झालं होतं. ते त्यांनी पातेल्यात काढलं, वरवंट्याला चिकटलेलं बोटानं निपटलं, वरवंटा दोन तांबे पाण्यानं स्वच्छ धुतला.

मग विहिरीच्या बाजूला तोंड करून हाक मारली.

“पारू, आटपलं का गं तुझं?”

“आलेऽऽ!”

पारूबाई आली ती काखेत पाट घेऊन. अंगानं दणकट, तोंडानं त्याहून. तिचा एकुलता एक मुलगा फौजेत, लडाखकडे. श्रीरंगला ती ओळखत नव्हती, आणि मघापासून मागं विहिरीवर असल्यामुळं तिच्या कानावर काही आलंही नव्हतं.

“सर की रं बाबा,” ती त्याला म्हणाली. “जिवतीच्या मांडीवर बसल्यागत बसलायस. एवढा बापय गडी.”

तो बाजूला झाला. पारूबाईनं पाट मांडला. चिमटीनं भराभर रांगोळी ओढली. अक्कांनी धुतलेला वरवंटा तिच्या दोन्ही हातांवर ठेवला. तिनं तो पदरानं टिपला, पाटावर उभा केला आणि कनवटीला खोचलेली एक पिवळी कुंची काढून त्याला घातली. नाडी बांधली.

“हलू नगंस. गप ऱ्हा,” ती वरवंट्याला दटावत म्हणाली. “पलटनीत गेला तरी कान झाकायला आईच लागती.”

आम्ही हसलो. आतून कुणीतरी पुरणाचे पाच दिवे पेटवून आणून दिले. तिनं ओवाळलं. मग मूठभर अक्षता घेतल्या, आम्हालाही वाटल्या, आणि जिवतीची कहाणी सांगायला सुरुवात केली. थांबेल तिथं आम्ही हूं म्हणत होतो. ती मात्र आमच्याकडं बघत नव्हती. वरवंट्याकडं बघून सांगत होती.

श्रीरंग कधी उठून उभा राहिला, कळलं नाही. त्याच्या सात मिनिटांतलं काही म्हणता काही सुटलं नव्हतं.

कहाणी संपेपर्यंत त्यानं कसाबसा दम धरला.

“हे… हे काय करताय तुम्ही?”

“दिसत न्हाई व्हय? ल्योक ओवाळला.”

“पण हा वरवंटा आहे!”

“मग मला काय डोळं न्हाईत?” पारूबाईनं कमरेवर हात ठेवले. “बारशाला पाळण्यात आधी कोण निजतो? ह्योच की! मागनं पोर. तवा कुणाला नवाल वाटत न्हाई. मग लेक लांब असला तर त्याच्या जागी बसवायचा तरी कुणाला? हितल्या चार गावांत समद्या बायका असंच करत्यात. माझ्या आजेसासूपासनं. आन् खरं सांगू का, ह्यो बरा लेकापेक्षा. उलट बोलत न्हाई. कानात ती बोंडं घालून बसत न्हाई.”

“आणि तुम्हाला… कुणी वेडी नाही म्हणत?”

“कोन म्हनतंय? म्हनून तर बघू दे!”

श्रीरंगनं अक्कांकडं पाहिलं.

“सांगलीला तुमच्याकडं ही रीत नाही,” अक्का म्हणाल्या. “आणि तू यायचास मे महिन्यात. श्रावणात या गावात तू कधी आलाच नाहीस.”

त्याच्या कपाळावर घाम आला होता. आम्हाला वाटलं, आता हा खाली बसेल. आता आईला हाक मारील.

पण हुशार माणसाची हुशारी शेवटपर्यंत त्याची पाठ सोडत नाही. त्यानं घाम पुसला. भुवया आक्रसल्या. काहीतरी सापडल्यासारखा तो पारूबाईकडं वळला.

“थांबा. मुलगा लांब असला, तरच हे करतात ना?”

“व्हय.”

“आणि मुलगा घरात असला तर?”

“तर वरवंटा कशापायी?” पारूबाई म्हणाली. “त्यालाच बसवायचं पाटावर. त्यालाच ओवाळायचं. जितंजागतं पोर घरात असताना दगुड ओवाळंल ती बाई येडीच म्हनायची की!”

“ऐकलंत?”

तो गर्रकन अक्कांकडं वळला. डोळे चमकत होते.

“ऐकलंत, अक्का? तुमच्याच मठातल्या बाईच्या तोंडून ऐका! मी काही फौजेत नव्हतो! मी घरातच होतो! त्या दिवशी, त्या दुपारी, शेजारच्या खोलीत होतो मी. दार लावून, कानात गाणी घालून बसलो होतो. पाच पावलांवर! तिनं नुसती हाक मारली असती तरी मला ऐकू…”

तो थांबला.

…

कुणी हूं म्हटलं नाही.

पारूबाई एकदा त्याच्याकडं, एकदा अक्कांकडं बघत राहिली. काय झालं, ते तिला हळूहळू उमजलं असावं. ती गप्प झाली. ती गप्प झालेली आम्ही त्याआधी कधी पाहिली नव्हती.

“तीनदा मारली होती.”

आवाज आतल्या दारातून आला.

शरयूताई सोवळ्यात उभी होती. हातात दिव्यांचं ताट. ती कधी येऊन उभी राहिली कोण जाणे, पण सगळं ऐकलं होतं तिनं. डोळे संतापानं पेटले होते.

“तीनदा हाक मारली, श्रीरंग. मग दार वाजवलं. तू आतून ओरडलास, ‘तुझं वेड तुझ्यापाशी ठेव.’ मग मी वरवंटा धुतला.”

“आई…”

“ताट फेकलं होतं मी, ते दाखव. तेव्हा मी माझ्यात नव्हते. दवाखान्यात माझे हात बांधले होते, ते दाखव. बघू दे लोकांना, बाईचं काय होतं ते. तुझ्या वडिलांचा हात दाखव. मला त्याची लाज नाही. मी सिनेमाला आले ती मुद्दाम चांगली साडी नेसून आले. म्हटलं, माझ्या लेकानं जे कुणी बोललं नाही ते बोलून दाखवलं. पण त्या दिवशी मी चांगली होते रे!”

तिनं ताट उंबऱ्यावर ठेवलं.

“त्या सगळ्या वर्षांत जे चार दिवस माझं डोकं ठिकाणावर होतं, त्यातला तो एक. पहाटे उठले होते. न्हाले होते. पुरण घातलं होतं, बिघडलं नव्हतं. माझ्या आईनं शिकवलं तसं एकूणएक केलं, एवढंसं चुकले नाही. मनात म्हटलं, शरयू, तू बरी होतेयस. तेवढाच दिवस तू नेलास… आणि तेवढाच वेडात घातलास!”

श्रीरंग फरशीवर बसला. पाय दुमडायचंही भान नव्हतं त्याला.

त्याच्या खिशात फोन वाजू लागला. त्यानं काढून पाहिला. पुण्याहून संपादकाचा होता. वाजणारा फोन हातात धरून तो आईला म्हणाला,

“काढतो. आई, मी तो प्रसंग काढतो. आत्ता सांगतो त्याला. राहू दे तो मान, राहू दे ती थिएटरं. सिनेमा राहिला नाही तरी चालेल.”

आम्हाला बरं वाटलं. झालं एकदाचं, असं वाटलं. एकीनं तर हातही जोडले.

शरयूताई दोन पावलं पुढं आली.

“काढतोस?” ती म्हणाली. तिचे डोळे आणखीच पेटले होते. “म्हणजे मग मी ओवाळलंच नाही तुला? तेही पुसून टाकतोस?”

“तूच तर म्हणालीस, काढ!”

“म्हणाले! अंधारात चारशे माणसांतून उठून आले होते मी, मला दुसरं काय सुचणार होतं? मला वेडी म्हणून दाखवू नकोस, एवढं सांगायचं होतं. त्याला शब्द हेच सापडले. म्हणून तू ते कापून फेकून देणार? मग ती दुपार उरते कुठं? तुझ्याकडं नाही, सिनेमात नाही. माझ्या एकटीच्या डोक्यात! आणि माझ्या डोक्यावर कोण विश्वास ठेवतंय?”

फोन वाजून बंद झाला. पुन्हा वाजू लागला.

श्रीरंग अक्कांकडं वळला. मघाचा ताठा कुठं उरला नव्हता. अकराव्या वर्षी अनुग्रहाला बसला होता, तेव्हाही तो असा बसला नव्हता.

“मग मी करू काय, अक्का? ठेवला तरी तिचा अपमान. काढला तरी अपमान. तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते करतो… मला खरंच कळत नाहीये.”

अक्कांनी पुरणाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. हात धुतले. पदराला पुसले. बराच वेळ पुसत होत्या.

“काढू नकोस,” त्या म्हणाल्या. “त्याच्या आधी तुझ्या खोलीचं दार दाखव… आतल्या बाजूनं.”